पाखरू कण्याचं की बिनकण्याचं? घरच्या घरी ओळखायची रीत

मृगाचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की आमच्या आर्वीकडच्या गावात संध्याकाळी ओसरीतला दिवा लावायची सोय राहत नाही. उधईला, म्हणजे वाळवीला, पंख फुटतात आणि सगळी वरात बल्बाखाली. वरणात पंख, केसांत पंख, झाडून ओसरी लख्ख केली तरी सकाळी पुन्हा सुपभर पंख. अशाच एका संध्याकाळी भाचीने ताटातून एक उधई बोटावर घेतली आणि विचारलं, "मावशी, या पाखराले हाड रायते का वं?" मी काही बोलायच्या आत आईने निकाल दिला, "पाखरू हाय ना? मंग हाड असनच."

आईची चूक म्हणावी तर ती खरं म्हणजे आपल्या शब्दाची आहे. चिमणी पाखरू, फूल सोडून उडतं ते फुलपाखरू, पोरं दोरा बांधून फिरवायची ते सोनपाखरू, आणि पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कपाशीवरच्या, कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगाला ओढतो तो) अडकतं तेही पाखरूच. पंख दिसला की झालं. शरीरात काय आहे याची चौकशी हा शब्द करत नाही. म्हणून ती चौकशी आपण करायची. शाळेच्या पुस्तकात तक्ता असतो, तो पाठ होतो आणि परीक्षेनंतर पुसला जातो. हाताने केलेलं मात्र डोक्यात राहतं.

उत्तर आधीच सांगून टाकते. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत स्वतःच्या पंखांच्या जोरावर उडणारे गट तीनच: पक्षी, वटवाघळं आणि कीटक. पहिल्या दोघांना पाठीचा कणा आहे, तिसऱ्याला नाही. चौथा गट होता उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचा, टेरोसॉरचा. त्यांनाही कणा होता, पण ते साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. आता हे आपलं आपण कसं पडताळायचं, ते पाहू.

आधी काय जमवायचं

फार काही लागत नाही. एक भिंग, टॉर्च, भुवया उपटायचा चिमटा, जुनी पांढरी थाळी आणि झाकणाचे दोन डबे. बल्बाखाली सकाळी मरून पडलेले किडे गोळा करा: भुंगा, पतंग, चतुर, नाकतोडा, जे मिळेल ते. कोंबडीचं गळालेलं पीस. आणि घरात खाणारे असतील तर रविवारच्या रश्शातला मानेचा तुकडा.

कशालाही मारायची गरज नाही. विदर्भात पावसाळ्यात एका दिव्याखाली एका रात्रीत जेवढा माल मिळतो, तेवढा आठवडाभर पुरतो. वटवाघूळ मेलेलं असो की जमिनीवर पडून धडपडणारं असो, उघड्या हाताने उचलू नका, मुलांना तर अजिबात नाही. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, कारण त्याच्या चाव्यातून रेबीजची भीती असते. घरटी उतरवू नका, अंडी काढू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो गावालाही लागू आहे. आग्या मोहोळाच्या दहा हात लांबही भिंग घेऊन जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

पहिली पायरी: पंख कशाचा बनलाय ते पाहा

कोंबडीचं पीस, पतंगाचा पंख आणि चतुराचा पंख थाळीत शेजारी ठेवा. पिसाला मधे एक दांडी आहे आणि दोन्ही बाजूंना बारीक धागे एकमेकांत अडकलेत. धागे उलटे ओढून विस्कटा, मग खालून वर बोटाने चिमटीत धरून फिरवा. साखळी लावल्यासारखे पुन्हा जुळतात. असं पीस आजच्या प्राण्यांत फक्त पक्ष्याच्या अंगावर उगवतं. पीस दिसलं की पुढचं काही विचारायचं नाही, कणा आहेच. मात्र पीस म्हणजे हाड नव्हे. ते आपल्या नखा-केसांच्याच जातीच्या द्रव्याचं आहे. हाड आहे ते पिसांच्या मुळाशी, मांसात.

चतुराचा पंख उजेडासमोर धरा. कागदासारखा पातळ, आरपार दिसणारा आणि त्यावर खिडकीच्या जाळीसारख्या शिरा. या शिरांना पोरं हाडं समजतात. त्या आतून पोकळ नळ्या आहेत, हाडं नाहीत. या पंखात स्नायू नाही की सांधा नाही. हलवणारे सगळे स्नायू छातीच्या डबीत असतात, पंख फक्त वल्ह्यासारखा हलतो. पतंगाच्या पंखाला बोट लावलं की बोटाला भुकटी लागते. भिंगाखाली पाहिलं तर ती भुकटी म्हणजे कौलांसारखे एकावर एक रचलेले बारीक खवले.

बहुतेक किड्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. भुंग्याचे पुढचे दोन पंख कडक झाकणासारखे होतात, म्हणून त्याला पंखच नाहीत असं वाटतं. चिमट्याने झाकण उचला, खाली घडी घालून ठेवलेले पातळ पंख निघतील. माशीला आणि डासाला एकच जोडी, आणि दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्यासारख्या दोन बारीक गुंड्या. उडताना तोल त्यांनीच सांभाळला जातो. माशी पकडून भिंगाखाली धरणं कटकटीचं काम आहे. जमलं तर पाहा, नाही तर सोडून द्या.

राहिलं वटवाघूळ. त्याला हात न लावता पाहायची एक छान जागा आहे. गावाबाहेरच्या मोठ्या वडावर किंवा चिंचेवर मोठ्या वाघळांची वस्ती असेल तर सूर्य मावळल्यावर, आभाळात अजून तांबूस उजेड असताना, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. ती एकामागून एक निघतात. पंख पसरला की सव्वा मीटरच्या आसपास. मागून उजेड आला की कातडीच्या पंखातून काळ्या रेघा दिसतात, छत्रीच्या काड्यांसारख्या. त्या रेघा म्हणजे बोटं. तुमच्या-माझ्या हाताला आहेत तशीच चार बोटं, फक्त लांबच लांब, आणि त्यांच्यामधे ताणलेली कातडी. पाचवा अंगठा वर आकड्यासारखा मोकळा असतो, झाडावर सरकायला. स्वतःचा पंजा पसरून आभाळासमोर धरा आणि बोटांमधे कातडी आहे अशी कल्पना करा. माझ्या भाचीला वटवाघूळ समजलं ते इथेच. पुस्तकातल्या चित्राने समजलं नव्हतं.

दुसरी पायरी: पाय मोजा, पण घाई करू नका

पक्ष्याला दोन पाय, किड्याला सहा. वटवाघळाला दोन पाय आणि दोन पंखांचे हात. सहा पाय मोजले की कणा नाही, इतकं पक्कं. सहा पायांचा आणि कण्याचा असा प्राणी जगात नाही.

पण मोजणी फसते. धुऱ्यावरच्या रुईवर एक नारिंगी फुलपाखरू फार दिसतं, पंखांची टोकं काळी आणि त्यावर पांढरे ठिपके. ते बसलं की चारच पाय दिसतात. त्या घराण्यातल्या फुलपाखरांचे पुढचे दोन पाय आखूड होऊन छातीशी दुमडलेले असतात आणि चालायला ते वापरत नाहीत. मेलेलं सापडलं तर भिंगाखाली ती दुमडलेली जोडी सापडते. म्हणून चार पाय दिसले तर घाईने निर्णय देऊ नका, शरीराचे तुकडे पाहा: डोकं, छाती, पोट असे तीन स्पष्ट भाग आणि डोक्यावर दोन मिशा. मिशा म्हणजे स्पर्शिका पक्ष्याला नसतात, वटवाघळालाही नसतात.

तिसरी पायरी: कडकपणा कुठे आहे?

खरं काम इथे आहे. बोर आणि भुईमुगाची शेंग आठवा. बोर बाहेरून मऊ, कडक ते आत. शेंगेचं उलटं, टरफल बाहेर आणि मऊ दाणा आत. पक्षी आणि वटवाघूळ बोरासारखे, किडा शेंगेसारखा.

मेलेल्या भुंग्याला चिमट्याने हळूच दाबा. टकटक आवाज येईल. आता त्याची छाती आणि पोट जोडलेली जागा उघडा. बाहेर कडक कवच आणि आत ओलसर गर किंवा, जुना असेल तर, काहीच नाही. कारण मुंग्यांनी आतलं सगळं खाऊन नेलेलं असतं. तरीही भुंग्याचा आकार जसाच्या तसा उभा असतो. मेलेल्या चिमणीचं हे असं कधी होत नाही. तिचं बाहेरचं सडून जातं आणि मागे राहतात ती हाडं.

आता रश्शातला मानेचा तुकडा. मांस खाऊन झाल्यावर (आमच्याकडे मानेवरून भांडणं होतात, कुणी ती आनंदाने सोडत नाही) हाडं साबणाच्या पाण्यात तासभर ठेवून घासून घ्या. एकेक मणका सुटा होईल. मधे भोक असलेला, कडेला शिंगं फुटल्यासारखा. शिजलेल्या तुकड्यात या भोकातून एक पांढरी दोरी गेलेली दिसते, काडीने ढकलली की अख्खी बाहेर येते. ती मज्जारज्जू. मेंदूकडून निघून पाठीतून जाणारी ही तार सांभाळण्यासाठीच मणक्यांची ती बोगद्यासारखी रांग असते. कोंबडीच्या मानेत असे १४ मणके असतात. खाटीक डोक्याकडचा भाग छाटतो, म्हणून थाळीत दहा-बारा येतात. ते दोऱ्यात ओवा, माळ होते. माळ वाकवून पाहिली की कोंबडी मान मुरडून पाठीवरची पिसं कशी साफ करते ते कळतं.

आपल्या मानेत मणके ७, वटवाघळाच्याही मानेत ७, आणि जिराफाच्याही ७ च. वटवाघूळ दिसायला पक्ष्याच्या जवळचं, पण या हिशेबात ते आपलं भाऊबंद आहे. अंगावर केस, बाहेर आलेले कान, पिलाला पाजायला दूध. ज्यांच्या घरी मांस शिजत नाही त्यांनी स्वतःची मान खाली घालून मागे हात फिरवावा. जिथे मान संपून पाठ सुरू होते तिथे एक टेंगूळ लागतं, तो मानेतला सातवा मणका.

एक खोच सांगून ठेवते, कारण इथे माझीच फजिती झाली होती. मानेत माळ दाखवल्यावर मी भाचीला ऐटीत म्हटलं, आता पाठीतली माळ दाखवते. कोंबडीच्या पाठीचा तुकडा साफ केला तर हाताला लागली एक सलग पट्टी, माळ कुठेच नाही. पक्ष्यांच्या पाठीतले आणि कमरेतले बरेचसे मणके एकमेकांना चिकटून एकजीव झालेले असतात. उडताना धड डळमळलं तर पंखांना जोर कशावर धरायचा? बैलबंडीचा दांडा लवचीक असून चालत नाही, तसं. निरखून पाहिलं तर पट्टीवर मणक्यांच्या सांध्यांच्या खुणा दिसतात आणि तीच पांढरी दोरी तिच्यातूनही गेलेली असते.

अजून एक गंमत हातासरशी करून घ्या. अंगाने भरलेल्या, जुन्या गावरान कोंबडीच्या खांद्यापासून कोपरापर्यंतचं हाड मोडा आणि मांडीचं हाड मोडा. मांडीच्या हाडात मगज असतो, चोखून खातात तो. खांद्याच्या हाडात पोकळी असते. फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांचा फाटा त्या हाडात शिरलेला असतो. बाजारातली कोवळी ब्रॉयलर घेतली तर हा फरक नीट दिसत नाही, कारण एवढ्या लहान वयात ते हाड पुरतं पोकळ झालेलं नसतं.

किड्यातही डोक्यापासून पोटापर्यंत मज्जेची दोरी जाते, बरं का. पण ती पोटाच्या बाजूने जाते, आणि हृदयाची लांब नळी पाठीच्या बाजूने. आपलं उलटं: मज्जारज्जू पाठीत, हृदय पुढे. जणू कुणी गंजी उलटी घातली. श्वासही तोंडाने नाही. अंगाच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, नाकतोड्याच्या पोटाच्या कडेला भिंगाने सहज दिसतात, त्यातून हवा नळ्यांनी थेट आत जाते.

चौथी पायरी: चुलीची परीक्षा

हे मोठ्या माणसाने करायचं. साफ करून वाळवलेला कोंबडीचा एक मणका आणि भुंग्याची दोन-तीन झाकणं वेगवेगळ्या पत्र्याच्या झाकणांत घालून निखाऱ्यावर ठेवा. भुंग्याचं कवच आकसतं, काळं होतं आणि बघता बघता जवळजवळ काही उरत नाही. मणका आधी काळा पडतो आणि निखारा चांगला असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने पांढरा होतो. आकार तोच, पण बोटाने दाबला की भुगा.

हाडात चुन्याच्या जातीची खनिजं असतात, ती जळत नाहीत. किड्याचं कवच कायटिन नावाच्या द्रव्याचं आणि प्रथिनांचं, ते जळून जातं. चूल नसेल तर उलटी परीक्षा करा. कोंबडीचं बारीक हाड व्हिनेगरमध्ये बुडवून चार-पाच दिवस ठेवा, रोज व्हिनेगर बदला. खनिज विरघळून हाड रबरासारखं वाकायला लागतं.

हाड टिकतं म्हणूनच वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावच्या शिवारात डायनोसॉरची हाडं दगड होऊन सापडली, आणि त्यांच्या शेणाचेही दगड सापडले. आज अंगणात दाणे टिपणारी कोंबडी त्याच डायनोसॉरांच्या एका शाखेची वारस आहे, हे सांगितलं की घरात कुणी विश्वास ठेवत नाही. तिचे पाय नीट पाहा म्हणावं.

पाचवी पायरी: घुबडाची गोळी, मिळाली तर

ही पायरी सगळ्यांना जमणार नाही, पण जमली तर बाकीच्या फिक्या पडतात. पडक्या वाड्यात, जुन्या गोदामात गव्हाणी घुबड राहत असेल तर त्याच्या बसायच्या जागेखाली अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या असतात. ती विष्ठा नाही. घुबड उंदीर गिळतं, मांस पचवतं आणि न पचलेलं केसांत गुंडाळून तोंडाने टाकून देतं. घुबडाला आमच्याकडे अजूनही अपशकुनी म्हणतात. वर्षाला शेकड्याने उंदीर खाऊन धान्य वाचवणारा पक्षी अपशकुनी कसा, हे मला कधी कळलं नाही.

हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, गोळी साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा आणि थाळीत चिमट्याने उकला. उंदराची कवटी निघेल, नारिंगी दात निघतील आणि मोहरीएवढे मणके. पडक्या भिंतीतल्या पिंगळ्याची गोळी मिळाली तर मजा आणखी. तिच्यात भुंग्यांची चकाकती झाकणं, नाकतोड्याचे पाय आणि मधेच एखादं हाड अशी सरमिसळ असते. हाड कुठलं आणि कवच कुठलं हे तुम्ही आता न अडखळता वेगळं काढू शकता.

कुठे कुठे फसायला होतं

आकाराने तर नक्कीच. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोसे पिकवतात. त्या कोशातून निघणारा पतंग वीतभर रुंद असतो, पंखांवर डोळ्यांसारखे गोल. भिंतीवर बसला की घरात पक्षी शिरला असं वाटतं. त्याला खायला तोंडही धड नसतं, आठ-दहा दिवसांत अंडी घालून संपतो, आणि एवढा मोठा असून हाड एकही नाही. उलट कौलांच्या फटीत राहणारं सगळ्यात लहान वटवाघूळ पाच ग्रॅमही भरत नाही, आणि त्याला अख्खा सांगाडा आहे. मोठं म्हणजे हाडाचं, लहान म्हणजे बिनहाडाचं, हा हिशेब टाकून द्या.

मात्र फार मोठं व्हायचं तर कणा लागतोच. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत फिरणारा सारस माणसाएवढा, जवळजवळ सहा फूट उभा राहतो. जगातल्या उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच. किडा सहा फुटांचा झाला नाही आणि होणारही नाही. टरफलातल्या जिवाला वाढायचं तर टरफल टाकून नवं करावं लागतं, नवं कडक होईपर्यंत तो लुळा असतो आणि मोठं अंग त्यात स्वतःच्याच वजनाने बसेल. शिवाय नळ्यांनी हवा फार आत पोचत नाही. ३० कोटी वर्षांपूर्वी चतुरासारखा एक किडा होता, पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फुटांहून थोडा जास्त. तोच वरचा पल्ला.

संध्याकाळी सदाफुलीवर किंवा रातराणीवर पंख भिरभिरवत अधांतरी थांबणारं, लांब चोचीचं काहीतरी दिसतं आणि मोबाइलवर व्हिडिओ फिरतो, "आपल्या गावात हमिंगबर्ड". हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाही. हा पतंगच आहे. चोच वाटते ती सोंड, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते. व्हिडिओ थांबवून डोक्यावरच्या मिशा शोधा.

पाकोळी हा शब्दही घोटाळ्याचा. कुणी जुन्या देवळाच्या छताला घरटी करणाऱ्या काळ्या पक्ष्याला पाकोळी म्हणतं, कुणी छोट्या वटवाघळाला. सुदैवाने दोघांनाही कणा आहे, म्हणजे आपल्या प्रश्नापुरतं उत्तर बदलत नाही. ओळखायचंच असेल तर विळ्यासारखे ताठ पंख आणि लांब सूर असेल तर पक्षी. फडफड करत क्षणाक्षणाला दिशा बदलली तर वटवाघूळ.

रक्तावर जाऊ नका. डास चिरडला की लाल रक्त निघतं, मग त्यालाही आपल्यासारखंच रक्त, असं भाचीचं म्हणणं. ते रक्त तुमचंच असतं. डासाच्या स्वतःच्या अंगातलं पाणी जवळजवळ बिनरंगी असतं. ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे दोन भाग केले ते याच खुणेवर, रक्त असलेले आणि रक्त नसलेले. कण्यावरून नाव द्यायची पद्धत पुढे फ्रान्सच्या लामार्कने १८०१ च्या आपल्या ग्रंथात रूढ केली. ॲरिस्टॉटलची खूण गांडुळापाशी अडखळते, त्याला लाल रक्त आहे आणि कणा नाही.

आणि उडती खार. नागझिऱ्याच्या किंवा मेळघाटच्या जंगलात रात्री या झाडावरून त्या झाडावर तरंगत जाते. कणा आहे, पण पंख नाही. पुढच्या आणि मागच्या पायांमधली कातडी ताणून ती फक्त घसरते, खालून वर उडत नाही. आपल्या यादीत ती धरायची नाही.

वावरात याचं काय करायचं

गुलाबी बोंडअळी ही अळी असते, पण तिची आई पाखरू. कामगंध सापळ्यात अडकतो तो तिचा नर पतंग. सलग तीन रात्री एका सापळ्यामागे रोज आठ पतंग आले की उपाय करायची वेळ झाली, असा कृषी विभागाचा हिशेब आहे. इथे पतंग मोजायचे, सापळ्यात पडलेला प्रत्येक पंख नव्हे. तुरी-हरभऱ्यात पक्षीथांबे लावतो ते कण्याच्या पाखरांनी बिनकण्याच्या पाखरांची पिलं खावीत म्हणून. कोतवाल आणि वेडा राघू हे पक्षी ते काम फुकट करतात. वेडा राघू तारेवर बसून चतुराला आपटतो तेव्हा टक टक असा आवाज येतो, कवच फुटल्याचा. जवळून ऐकलाय मी, शेंग फोडल्यासारखा.

फवारणीच्या बाबतीत मात्र हा फरक मनावर घेऊ नका. औषध किड्यासाठी आहे, आपल्याला कणा आहे, आपल्याला काय होतं, असं म्हणणारे मी पाहिलेत. बरीचशी जुनी औषधं मज्जातंतूंमधल्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाच्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतात, आणि ते विकर किड्यातही आहे, चिमणीतही आहे आणि पंप पाठीला लावलेल्या माणसातही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. तोंड-नाक झाका, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका.

शेवटची पायरी: दोन डबे

एका डब्यावर "कणा" आणि दुसऱ्यावर "कवच" असं लिहा. जे सापडेल ते पाचही पायऱ्यांतून नाही तरी निदान पहिल्या तिघींतून काढून त्या त्या डब्यात टाका. किडे कडक उन्हात वाळवा आणि डब्यात कापराची वडी ठेवा, नाही तर महिन्याभरात मुंग्या डबा रिकामा करतात. पिसं आणि हाडं वेगळ्या कागदाच्या पुडीत, तारीख आणि जागा लिहून: "२२ जून, ओसरी, बल्बाखाली".

भाचीच्या कवचाच्या डब्यात पावसाळाअखेर चौतीस नग झाले, सगळ्यात वर ती पहिली उधई. कण्याच्या डब्यात मणक्यांची माळ, पारव्याचं पीस आणि घुबडाच्या गोळीतली हाडं. संक्रांतीला तिने त्यात एक फाटका पतंग घडी घालून कोंबलेला मला सापडला. मी म्हटलं, "काऊन वं, पतंग तर कवचाच्या डब्यात पाह्यजे ना?" तर तिने त्याच्या मधली उभी काडी बोटाने दाखवली.